आलिडाचा पडदा

आलिडा फेन्स्त्राला या वयात एकच गोष्ट हवी होती. दिवसाउजेडी स्वतःच्या घराचा पडदा ओढून आत बसायचं होतं तिला. सोनं नको, नाणं नको, नवरा तर तिला कधीच नको होता. पण आमच्या हार्लेममध्ये देवाला शिव्या दिलेल्या खपतात, भर दिवसा ओढलेला पडदा खपत नाही.

माझी आई म्हणायची, पडदा ओढून बसणारा एक तर पीत असतो, नाहीतर रडत असतो, नाहीतर दुसऱ्याचं काहीतरी दडवत असतो. सभ्य माणसाचे पडदे दोन्ही बाजूंना सारलेले. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं टेबल दिसावं, टेबलावरचे बटाटे दिसावेत, आणि बटाट्यांवर मांस नाही हेही दिसावं. मात्र या रीतीला दुसरीही एक बाजू आहे. ती कुणी कुणाला शिकवत नाही, कारण ती आईच्या दुधातूनच येते. खिडकी उघडी असली तरी आत बघायचं नाही. त्यांनी उघडं ठेवायचं आणि आपण नजर समोर ठेवून चालू लागायचं, असा आमचा शेजारधर्म. आलिडा तो जरा जास्तच पाळायची. अंगणातून जाताना तिची नजर खालच्या विटांवर असायची. माझ्याकडे कॉफीला यायची ती दार वाजवून. खिडकीतून तिनं कधी हातसुद्धा हलवला नाही.

आम्ही दोघी केस्टरमान होफ्येत राहायचो. मधे अंगण, अंगणात हातपंप आणि पेअरचं म्हातारं झाड, भोवती बुटक्या घरांची रांग, आणि सगळ्यांना मिळून रस्त्यावर उघडणारं एकच दार. कुण्या साबणवाल्याच्या विधवेनं मरताना स्वर्गात जागा मिळावी म्हणून ही घरं बांधली. एकट्या, गरीब आणि शांत स्वभावाच्या बायकांसाठी, असं दारावरच्या दगडात कोरलंय. मी एकटी होते आणि गरीबही होते. तिसरी अट मी मुलाखतीपुरती निभावून नेली. सारा जन्म मोठ्या चर्चसमोर हेरिंग मासळीच्या गाडीवर ओरडण्यात गेला होता माझा, शांत स्वभाव कुठून आणू?

आलिडा मात्र खरोखर शांत. ती शहरातल्या मोठ्या म्युझियममध्ये राखणदार होती. दालनाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं आणि कुणी दोरीपलीकडे गेलं की हटकायचं, एवढंच काम. "मागे व्हा, हात लावू नका." हे ती इतक्या हलक्या आवाजात म्हणायची की मी गाडीवर घसा फोडूनही जे साधलं नाही ते तिला पुटपुटून साधायचं. भलेभले दोन पावलं मागे सरत. एकदा मी तिला विचारलं, एवढी वर्षं बसलीस, त्यातलं चांगलं चित्र कुठलं? म्हणाली, "मला काय ठाऊक? माझी पाठ होती चित्रांकडे. मी माणसं बघायचे."

आणि माणसं तिला बघायची. ती जन्मली धोबीघराच्या माडीवर, भावंडांच्या गर्दीत; झोपायची ती दोन बहिणींच्या मधे. पुढे नोकरी लागली तीही चारचौघांच्या डोळ्यांसमोर बसण्याची. नाक खाजवायचं तरी आधी दालन रिकामं आहे का बघावं लागे. होफ्येत तिला घर मिळालं तेव्हा तिनं पहिल्या दिवशी काय केलं ठाऊक आहे? दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकवून नुसती उभी राहिली. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना लाजली. मला तेव्हा हसू आलं होतं.

मग विश्वस्तांना छप्पर गळायला लागल्याचा साक्षात्कार झाला. विश्वस्तांचे अध्यक्ष फान हेस्ट साहेब, निवृत्त नोटरी, कायम जाकीट घालून. छपराला पैसे हवेत आणि शहर बघायला येणाऱ्या पाहुण्यांकडे पैसे आहेत, हा हिशेब त्यांनी जुळवला. एका तिकिटात तीन गोष्टी: सकाळी चर्च, दुपारी म्युझियम, आणि परतताना आमची जुनी वस्ती. म्हणजे आम्ही. पूर्वी कुणी एखादा चित्रकार यायचा, बाकावर बसून पंपाचं चित्र काढायचा आणि जाताना टोपी उचलायचा. आता छत्री उंच धरलेल्या बाईमागून कळपच्या कळप यायला लागले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या निघाल्या. माझी प्लास्टिकची खुर्ची गेली, ती म्हणे ऐतिहासिक दिसत नव्हती. मी फान हेस्टना विचारलं, मी तरी कुठं ऐतिहासिक दिसते? ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही चालता."

पाहुण्यांना आमच्या रीतीची एकच बाजू कळली. पडदे उघडे असतात एवढं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असायचं. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं बघावं वाकून, तसा प्रकार. काचेला नाक लावायचे, उजेड येऊ नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा करायचे. मी जीभ काढून दाखवायची, त्याचेही फोटो निघायचे. आलिडाला ते जमेना. तिचं घर दारातून आत आल्या आल्या पहिलं, आणि खिडकी रुंद. ती जेवायची तेव्हा दोन-चार डोकी काचेवर असत. तिनं खुर्ची भिंतीकडे वळवली आणि पाठ करून जेवायला लागली. मग ती उभ्यानं, मोरीपाशी, जिथं खिडकीतून दिसत नाही त्या कोपऱ्यात जेवायला लागली.

एका दुपारी कुणी बाप, आई आणि तीन पोरं सरळ दार ढकलून तिच्या घरात शिरली. आलिडा नुसत्या परकरावर, घमेल्यात पाय सोडून बसली होती.  मग त्या आईनं माफी मागितली, आम्हाला वाटलं हा म्युझियमचाच भाग आहे म्हणाली. आणि माफी मागून झाल्यावर, निघता निघता, तिनं फोटो काढला. आलिडाच्या पायांचा, घमेल्यातल्या.

दुसऱ्या दिवशी आलिडाचा पडदा उघडला नाही.

आता, आम्हा म्हाताऱ्यांची एक रीत आहे. चर्चची सकाळची मोठी घंटा वाजेपर्यंत प्रत्येकीनं पडदा उघडायचा. उघडला की बाकीच्यांना कळतं, ही अजून आहे. नाही उघडला तर जिच्याकडे किल्ली असेल तिनं आत जायचं. दोघींना आम्ही असं वेळेत गाठलं होतं, एकीला नव्हतं. आलिडाची किल्ली माझ्याकडे. घंटा वाजून गेली, पडदा तसाच, आणि मी पायात सपाता घालून धावत सुटले.

आलिडा टेबलाशी बसली होती, समोर कॉफी.

"मेलीस का गं?" मला धाप लागली होती.

"नाही. कॉफी पितेय."

"मग पडदा?"

"ओढलाय."

"ते दिसतंय मला. का?"

"माझा आहे म्हणून," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी कप काढला.

त्या अंधाऱ्या खोलीत बसून आम्ही कॉफी घेतली. बाहेर कळप आला आणि गेला. एकानं काचेवर टिचकी मारली. आलिडानं पाय स्टुलावर टाकले, अगदी सावकाश, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू तिनं बँक लुटली होती. मला राग आला होता तो तिथंच विरला. बाई या वयात पहिल्यांदा पाय पसरून बसली होती, तिला काय बोलणार?

पण सगळ्यांचं तसं नव्हतं. समोरच्या घरात राहणाऱ्या हिलला वाटलं आलिडा प्यायला लागली. आणि आठवड्याच्या आत फान हेस्ट साहेब आले. आलिडानं त्यांना कॉफी दिली, डब्यातलं एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. मीही तिथंच होते, उठून जा असं कुणी म्हणालं नाही म्हणून.

"फेन्स्त्राबाई," साहेब म्हणाले, "पडदा बंद दिसला की पाहुण्यांना वाटतं, आपण इथं नकोसे आहोत."

"बरोबर वाटतं त्यांना."

साहेबांनी बिस्किट कॉफीत बुडवलं. मग छपराबद्दल बोलले, अनुदानाबद्दल बोलले. शेवटी अगदी मऊ आवाजात त्यांनी आठवण करून दिली की इथल्या रहिवाशांनी वस्तीचं वातावरण स्नेहाचं ठेवायचं, असं करारात आहे. आणि कुणाला ते जमत नसेल तर दुसरीकडे जागा शोधायला विश्वस्त आनंदानं मदत करतील. आलिडानं कप बशीवर ठेवला. दुसरीकडे म्हणजे कुठं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. शहराबाहेरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर, नाहीतर शुश्रूषागृहात दोघींत एक खोली. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि आता नाकालाच सांगत होते, तू दुसरीकडे बघ.

मी गप्प बसणारी नव्हे. मी साऱ्या बायकांना गोळा केलं आणि विश्वस्तांना बैठक लावायला भाग पाडलं. आमच्याकडे भांडण मिटवायची एकच पद्धत आहे: सगळ्यांनी बोलायचं, कुणीही जिंकायचं नाही, आणि प्रत्येकानं थोडं थोडं नाराज होऊन घरी जायचं. विश्वस्तांच्या खोलीत, जुन्या विश्वस्तांच्या काळ्याकुट्ट तसबिरींखाली आम्ही तीनदा कॉफी प्यायलो. हिल म्हणाली, पडदा बंद ठेवायचा तर ठेवू दे, पण मग रोज सकाळी आमच्या जिवाला घोर का? तेही खरंच होतं. शेवटी तोडगा निघाला. आलिडानं हवा तेवढा वेळ पडदा ओढावा. बदल्यात, पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून विश्वस्तांनी तिच्या खिडकीवर सुबक पाटी लावावी: येथे रहिवासी विश्रांती घेत आहेत, कृपया शांतता राखा, दार वाजवू नये. आणि आलिडाचा पडदा सकाळच्या रीतीतून वगळावा. तो बंद असला म्हणून कुणी किल्ली घेऊन घुसायचं नाही.

"हे तुम्हाला मान्य आहे?" फान हेस्टनी विचारलं.

"मला हेच हवंय," आलिडा म्हणाली. "कुणीही येऊ नये."

ठरलं म्हणजे ठरलं. हे तीन शब्द आमच्याकडे बायबलच्या वरचे. बैठक संपल्यावर मी तिची किल्ली परत द्यायला गेले तर म्हणाली, असू दे तुझ्याकडे, फक्त वापरू नकोस.

त्यानंतरचे महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, असं मी म्हणेन आणि कुणाला पटत नसेल तर नसो. दर गुरुवारी ती मला बोलवायची. पडद्याआड ती काय करायची? काहीच नाही. परकरावर हिंडायची. हातानं मासा खायची. गुणगुणायची, आणि तेही बेसूर. कुणी बघत नसलं की माणूस किती सैल होतं ते मी तिच्याकडे बघून शिकले. एकदा तर तिनं मला नाच करून दाखवला, धोबीघरात बहिणी करायच्या तसा, बादली घेऊन. आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेर कुणीतरी शांततेसाठी शू केलं. त्यावर आणखी हसलो.

पुढे माझ्या बहिणीचं ऑपरेशन झालं म्हणून मी झीलंडला गेले. तिच्याकडे राहणं म्हणजे शिक्षाच, पण रक्ताचं नातं, करते काय? परत आले तेव्हा दुपार होती. आमचं दार उघडं, अंगणात नेहमीचा कळप, आणि आलिडाच्या दाराच्या कडीला बेकरीवाल्याची पावाची पिशवी लटकत होती. पावसानं भिजून पिशवीतल्या पावाचा लगदा झालेला. ताजी नव्हती पिशवी.

हिल तिच्या दाराशी फुलांना पाणी घालत होती. मी विचारलं, आलिडा कुठंय?

"पडदा बंद आहे," हिल म्हणाली.

"कधीपासून दिसली नाही?"

"पडदा बंदच असतो ना तिचा. ठरलंय तसं." तिनं झारी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर काळजीचं काही नव्हतं. असणार कसं? तिनं शब्द पाळला होता. सगळ्यांनीच पाळला होता, एकूण एक बायकांनी, रोज तिच्या दारावरून जाताना.

मी मासळीवाली. माझा शब्द मी बर्फावर ठेवते, तो वितळला तर वितळला. मी किल्ली लावली.

आलिडा पलंग आणि मोरी यांच्या मधे जमिनीवर होती. खुब्याचं हाड मोडलेलं. ओठ फाटलेले. अंगाखाली सगळं ओलं होऊन पुन्हा वाळलेलं. पलंगावरची चादर तिनं ओढून अंगावर घेतली होती, नीट, पायांपर्यंत. मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

"हाका मारल्या गं," ती म्हणाली. आवाज कसला, नुसता वारा. "खिडकीपाशी माणसं होती. रोज होती."

"मग?"

"एकानं विचारलं, आत कुणी बोलतंय का. दुसरी म्हणाली, शू. पाटी वाच."

मी त्या दिवशी अंगणात उभी राहून जे ओरडले ते साबणवाल्याच्या विधवेनंही थडग्यात ऐकलं असेल. छत्रीवालीनं कळप बाहेर नेला. हिल रडायला लागली आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, पण ठरलं होतं, कोबा, आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तिचा दोष नव्हता. म्हणूनच मला तिला थोबाडीत द्यावीशी वाटली.

आलिडा वाचली, पण पुन्हा उभी राहिली नाही. तिला शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात जागा मिळाली: एक पलंग, एक कपाट, आणि दारात एक काच, जिच्यातून नर्स बाहेरून आत बघू शकते. त्या काचेला पडदा नाही. ती सोय तिच्या भल्यासाठीच आहे, असं मला सांगण्यात आलं, आणि ते खरंही असेल.

होफ्येतलं घर रिकामं करायचं होतं. तिला आता मागेपुढे कुणी नाही; सामान माझ्या घरात मावेना. तेव्हा फान हेस्ट साहेब फुलं घेऊन शुश्रूषागृहात गेले. मी होते तिथं. ते म्हणाले की ते घर आता भाड्यानं द्यायचं नाही, पाहुण्यांना दाखवण्यासाठी ठेवायचं, तिच्या खुर्चीसकट, कपबश्यांसकट. म्हणजे काही टाकावं लागणार नाही. घर जसं आहे तसंच राहील.

"जसं होतं तसं?" आलिडानं विचारलं. "पडदा?"

"सगळं तसंच," साहेब म्हणाले.

"ठरलं?"

"ठरलं."

ती निवांत झाली. नंतर मी दर गुरुवारी जात राहिले तरी तिनं घराचा विषय काढला नाही. ठरलेल्या गोष्टीबद्दल पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. आणि मी रोज तिच्या घरावरून जात होते, उघड्या पडद्यावरून. मलाही काही सांगवलं नाही.

यंदा वसंतात शुश्रूषागृहानं म्हाताऱ्यांची सहल काढली. बसमध्ये घालून आणलं त्यांना. सकाळी चर्चमध्ये ऑर्गन ऐकवला, तिथंच सफरचंदाचा केक दिला. मग म्युझियम दाखवलं, आणि दुपारी आमच्याकडे. मी खिडकीत बसून गाजरं सोलत होते. व्हीलचेअरची आणि काठी टेकत चालणाऱ्यांची रांग आत आली, तिच्यात शेवटची आलिडा, मांडीवर पांघरूण, नजर विटांवर. खुर्ची ढकलणाऱ्या बाईनं तिला तिच्याच घरासमोर आणून उभं केलं, इतरांच्या बरोबरीनं.

"मला वळवा," आलिडा म्हणाली.

"अहो, मग दिसणार नाही काही."

"म्हणूनच. दुसऱ्याच्या घरात बघू नये."

बाई हसली आणि तिनं खुर्ची वळवली. आता आलिडाची पाठ तिच्या घराकडे होती आणि तोंड पंपाकडे. मी गाजरं टाकून बाहेर आले आणि तिच्याजवळ उभी राहिले. तिनं माझा हात धरला.

माहिती सांगायला मार्लूस होती, निवृत्त शिक्षिका. फुकट काम करते आणि मनापासून करते, वाईट बाई नव्हे. आलिडाला ती ओळखत नव्हती; आलिडा इथून हलल्यानंतर ती आली. ती मोठ्या आवाजात सांगायला लागली, म्हाताऱ्यांना ऐकू यावं म्हणून.

"इथं राहणारी शेवटची बाई फार एकाकी होती. माणसांत मिसळायची नाही. दिवसभर पडदा ओढून बसायची. शेवटी घरात पडली तरी कुणाला कळलं नाही, बिचारी. आता मात्र हे घर सगळ्यांसाठी उघडं आहे. या, पुढे या, खिडकीतून छान दिसतं. दारातूनही दिसेल."

 मी तोंड उघडलं तर तिनं हात दाबला. मागे काठ्या वाजल्या, माणसं पुढे सरकली, कुणी उघड्या दारातून आत वाकलं. कुणीतरी म्हणालं, आमच्या मावशीकडे अशीच कपबशी होती. आणि मग चिनीमातीचा बारीक आवाज आला, कप बशीवरून उचलला की येतो तो.

"मागे व्हा," आलिडा म्हणाली. वळली नाही, आवाजही चढवला नाही. "हात लावू नका."

आख्खा घोळका दोन पावलं मागे आला. कप पुन्हा बशीवर बसला. मार्लूस आलिडाकडे बघून कौतुकानं म्हणाली, "वा बाई, तुम्ही इथंच काम करायला या."

 आलिडानं हात ओढून मला खाली वाकायला लावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"कोबा, पडदा उघडा राहिलाय वाटतं कुणाकडून. तेवढा ओढतेस?"

मी गेले. दारात दोरी बांधलेली, म्युझियममध्ये असते तशीच. मार्लूस म्हणाली, आत जाता येत नाही. मी म्हटलं, मला चालतं, मी ऐतिहासिक आहे. आणि दोरीखालून आत गेले. सगळं होतं तिथंच होतं. खुर्ची, स्टूल, दाराजवळच्या टेबलावर दोन कप, जणू एक माझा. घमेलंसुद्धा त्यांनी मांडलं होतं, मधोमध, दिसेल असं. मी पडद्याला हात घातला आणि ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला, जोर लावून. मग जवळ जाऊन बघितलं. पडद्याला कांजी करून एकसारख्या चुण्या घातल्या होत्या आणि प्रत्येक चुणी भिंतीला बारीक पितळी खिळ्यानं ठोकली होती, वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंना. काचेपलीकडून माझ्याकडे बघत असलेल्या डोक्यांच्या मधून आलिडाचे पांढरे केस दिसत होते, पाठमोरे.

मी बाहेर आले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ओढलास?"

"ओढला."

तिच्या मागे फोटो निघत होते. तिनं कान दिला. "मग अजून उभे का आहेत?"

"पडदा बघतायत," मी म्हटलं.

"वेडी माणसं," आलिडा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, बादली घेऊन नाचली होती तेव्हाचं. तिनं पांघरुणाखाली पाय जरा पुढे सरकवले. मी तिला कॉफी आणून दिली, आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण त्या दिवशी लावलंच नाही.

बसचा भोंगा वाजला तेव्हा खुर्ची वळवून तिला तिच्या घरावरूनच बाहेर नेलं, अगदी खिडकीलगतून. तिची नजर विटांवर होती. दुसऱ्याच्या खिडकीत बघायचं नाही, ही आमची रीत. मी दारापर्यंत खुर्चीच्या बाजूनं चालत गेले आणि जन्मात पहिल्यांदा मनातल्या मनात म्हटलं, देवा, हिची ही सवय आज तरी मोडू देऊ नकोस.